‘डायबेटिक’ फळीवरचा माल: कशाला पैसे, कशाला लांबून नमस्कार

मोठ्या किराणा दुकानात आता एक फळी मधुमेहींसाठी राखलेली असते. हिरव्या-निळ्या पाकिटांत ‘शुगर कंट्रोल’ आटा, ‘नो अ‍ॅडेड शुगर’ बिस्किटे, ब्राउन राइस, स्टीव्हियाच्या गोळ्या, कारले-जांभळाचा रस. हीच फळी औषधांच्या दुकानात असली, तर शेजारी पावडरींचे डबे आणि ग्लुकोमीटरही. हे परीक्षण त्या सबंध फळीचे आहे, एखाद्या ब्रँडचे नाही. एकाच प्रकारच्या दोन पाकिटांत फरक असतो तो बहुतेक वेळा छपाईचाच. निकष एकच लावला आहे: टाइप टू मधुमेह असलेल्या, पोट सुटलेल्या माणसाचे वजन उतरायला आणि उतरलेले टिकायला ही वस्तू उपयोगी पडते का?

निकष वजनाचाच का, ते आधी. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांच्या ‘डायरेक्ट’ चाचणीचे पहिले निष्कर्ष २०१७ च्या डिसेंबरात आले. निदान होऊन सहा वर्षे उलटलेली नाहीत आणि इन्सुलिन चालू नाही, अशा रुग्णांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८२५ ते ८५० कॅलरींवर ठेवले. वर्षाअखेर त्यांतले ४६ टक्के लोक औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. दुसऱ्या वर्षी एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर आले आणि पुढे पाच वर्षांपर्यंत पाठपुरावा झालेल्या गटात १३ टक्क्यांवर, कारण वजन परतले. उतरवणे एक आणि टिकवणे दुसरे. फळीवरच्या मालाला दोन्ही परीक्षा द्यायच्या आहेत.

आतली यंत्रणा अशी. खर्चापेक्षा जास्त खाल्लेले अन्न चरबी होऊन यकृतात साचते. चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनला दाद देत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहते. रात्री लवकर आणि कमी जेवूनही सकाळची उपाशीपोटीची साखर १६० येते, ती यामुळे. तीच चरबी पुढे स्वादुपिंडात जाऊन इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींना सुस्त करते. आपल्याकडच्या माणसाचे वजन मुळात ७० किलो असले तर १५ किलोंचा आकडा त्याला लागू नाही. १० ते १५ टक्के, म्हणजे ७ ते १० किलो, हे धरण्याजोगे लक्ष्य. ‘मी तर बारीकच आहे’ म्हणणाऱ्यांसाठी टेलर यांचाच आणखी एक प्रयोग आहे. सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २५ च्या आतबाहेर असलेल्या २० जणांनी साधारण १० टक्के वजन उतरवले आणि त्यांतल्या १४ जणांचा मधुमेह माघारी गेला. माघार म्हणजे औषध बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी, ६.५ टक्क्यांच्या खाली. ‘बरा झाला’ असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

आता फळी.

पहिला मान पिठाचा, कारण सर्वांत जास्त पैसे तिथेच जातात. ‘मधुमेहींसाठी’ म्हणून विकला जाणारा आटा साध्या आट्याच्या दीडपट-दुप्पट भावाने सहज जातो. पाकीट उलटे करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, त्यामुळे पहिले नाव ज्याचे, तोच आत सर्वांत जास्त. बहुतेक मल्टिग्रेन पिठांत पहिले नाव गव्हाचे असते, आणि टक्केवारी दिली असेल तर ती ८० ते ९० च्या घरातली. उरलेल्या दहा-वीस टक्क्यांत सोयाबीन, हरभरा, ओट, मका, नाचणी आणि इसबगोल दाटीवाटीने बसलेले. जाहिरातीतल्या चित्रात मात्र सातही धान्यांच्या मुठी सारख्याच भरलेल्या.

पण समजा, वाटा खरोखरच मोठा आहे. तरी काय होते? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या कोष्टकांत १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात तंतू वगळून ६४ ग्रॅम कर्बोदके आहेत. ज्वारीत ६८, नाचणीत ६७, बाजरीत ६२. पांढऱ्या तांदळात ७८ आणि ब्राउन राइसमध्ये ७५. हे आकडे एकमेकांना इतके चिकटून आहेत की धान्य बदलून ताटातल्या कर्बोदकांचा हिशेब फारसा हलत नाही. घरीच ७०० ग्रॅम गव्हात ३०० ग्रॅम हरभरा डाळ दळून घेतली, तर १०० ग्रॅम पिठात कर्बोदके ५९ वर येतात आणि प्रथिने साडेदहावरून १४ वर जातात. तीस ग्रॅम पिठाच्या एका पोळीत कर्बोदकांची बचत दीड ग्रॅमची. प्रथिनांसाठी हे मिश्रण चांगले, पोट जास्त वेळ भरलेले राहते, गिरणीवाला त्याचे जास्त पैसेही घेत नाही. मात्र ही पोळी ‘शुगरची’ आहे म्हणून दोनाऐवजी तीन खाल्ल्या, तर बचत गेली आणि वर १५ ग्रॅमचा बोजा चढला.

मुख्य घोळ याच ठिकाणी आहे आणि तो महाराष्ट्रातल्या घराघरात आहे: ‘पोळी बंद केली, आता भाकरीच खातो.’ पोळीला पीठ लागते २५ ते ३० ग्रॅम. ज्वारीची भाकरी एक दिसते, पण तिच्यात पीठ असते ६० ते ८०. सत्तर ग्रॅमची भाकरी म्हणजे ४७ ग्रॅम कर्बोदके आणि २३५ कॅलरी. पंचवीस ग्रॅमच्या दोन फुलक्यांत ३२ ग्रॅम आणि १६०. दोन फुलके सोडून एक भाकरी धरणाऱ्याची साखर वाढते, मग दोष ज्वारीवर नाहीतर डॉक्टरांवर जातो. भाकरी खावीच, चवीला आणि तब्येतीलाही, पण ४५ ते ५० ग्रॅम पिठाची आणि जेवणात एकच. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीतून २०२५ मध्ये आलेल्या आहारविषयक निष्कर्षांनीही हेच दाखवले: एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून तांदळाच्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. त्याच पाहणीच्या आधारे २०२२ मध्ये केलेल्या गणितात मधुमेह माघारी जाण्यासाठी रोजच्या ऊर्जेपैकी ४९ ते ५४ टक्के कर्बोदकांतून आणि १९ ते २० टक्के प्रथिनांतून यावी असे निघाले. आपल्या नेहमीच्या ताटात कर्बोदके ६० टक्क्यांच्या वर असतात.

‘लो जीआय’ ही छपाईसुद्धा याच फसगतीतली. जीआय म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स: पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो त्याचा निर्देशांक. हा निर्देशांक काढताना प्रत्येक पदार्थ ५० ग्रॅम कर्बोदके होतील इतकाच मोजून देतात. तुमच्या वाटीत किती आहे, हे त्या आकड्याला माहीत नसते. लेबल वाचताना आणखी एक खाच: काही कंपन्या ‘कार्बोहायड्रेट’च्या आकड्यात तंतूही धरतात, काही धरत नाहीत. दोन पाकिटे शेजारी धरून तुलना करायची तर १०० ग्रॅममागची ऊर्जा, प्रथिने आणि तंतू हे तिन्ही आकडे पाहा.

पिठावरचा निर्णय: पाकीट ठेवून द्या. ज्वारी-बाजरी आणून थोडी थोडी दळा. बाजरीत पाच टक्क्यांवर तेल असल्याने तिचे पीठ उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत कडू होते. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. फळीवर दोन-तीन महिने बसलेल्या पाकिटातल्या भरडधान्याच्या पिठाचे हेच झालेले असते. मग लोक उकड काढूनही भाकरी जमत नाही म्हणून पुन्हा पोळीकडे वळतात.

बिस्किटांवर जास्त शाई खर्च करण्यात अर्थ नाही. ‘शुगर फ्री’ म्हणायला १०० ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसावी, एवढाच नियम. मैदा आणि तेल कितीही असो. गोडव्यासाठी बहुधा माल्टिटॉल असते. ते साखरेच्या निम्म्याहून थोड्या जास्त कॅलरी देते, रक्तातली साखरही काही प्रमाणात चढवते आणि चार-सहा बिस्किटांत पोट गुडगुडवते. १०० ग्रॅमला साडेचारशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे साध्या बिस्किटाइतक्याच. चहासोबत काही हवेच असेल तर २५ ग्रॅम फुटाणे.

गूळ, मध, खडीसाखर, नारळाची साखर यांनी या फळीवर यायलाच नको होते. शंभर ग्रॅम गुळात ८५ ग्रॅम कर्बोदके आहेत. ‘गुळाचा चहा चालतो’ हे वाक्य कोणी काढले कोण जाणे, पण त्याने साखर कारखान्यांचे आणि मधुमेहींचे सारखेच नुकसान केले असेल.

कृत्रिम गोडीबद्दल मत थोडे मऊ ठेवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नका असे सांगितले, तेव्हा मथळे मोठे झाले. पण आधीपासून मधुमेह असलेल्या लोकांना ती शिफारस लागू नव्हती, हे मथळ्यांत आले नाही. दिवसातून चार चहा दोन-दोन चमचे साखरेचे पिणाऱ्याला गोळ्यांमुळे रोज १५० च्या आसपास कॅलरी वाचतात, आणि हा फायदा लहान नाही. अ‍ॅस्पार्टेमची गोळी उकळत्या खिरीत घालू नये, उष्णतेने तिची गोडी जाते. सुक्रालोज किंवा स्टीव्हिया त्या मानाने टिकते. पुडीतल्या भुकटीत मात्र वजन भरायला डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेचेच भाऊबंद, असते, म्हणून चमच्या-चमच्याने ओतायची असेल तर घटक वाचा. दोन-तीन महिन्यांत गोडी अर्ध्यावर आणत नेली तर जीभ सरावते आणि गोळ्यांचा खर्चही सुटतो.

कारले-जांभळाचा रस: सकाळी ३० मिली प्यायल्याने अपाय बहुधा नाही, उपायही नाही. खरा धोका पुढचा असतो. बाटली सुरू झाली की गोळी हळूच बंद होते आणि ते तीन महिन्यांनी तपासणीत कळते.

पावडरींचे डबे हा गंभीर विषय आहे, कारण तत्त्व खरे आणि वापर चुकीचा. ‘डायरेक्ट’मध्ये जे दिले ते असेच सूप-शेक होते, इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत आता हाच कार्यक्रम १२ आठवडे, रोज ८०० ते ९०० कॅलरी, विनामूल्य मिळतो. (तिकडे असलेल्या मराठी मंडळींसाठी: वय १८ ते ६५, निदान सहा वर्षांच्या आतले, आणि आशियाई वंशाच्या लोकांना बीएमआयची अट २७ ऐवजी २५; आपल्या जीपीला विचारा.) त्या कार्यक्रमात पावडर जेवणाऐवजी असते. आपल्याकडे ती जेवणासोबत घेतली जाते. दोन मोठे चमचे, म्हणजे ५०-६० ग्रॅम पावडर, २०० ते २५० कॅलरी देते. ती पाण्याऐवजी २०० मिली टोन्ड दुधात घातली की आणखी १२०. सकाळी पोहे, वर हा पेला, संध्याकाळी पुन्हा एक पेला: रोज ७०० कॅलरींची भर, आणि तीसुद्धा महागडी. आजारातून उठलेल्या अशक्त माणसाला ती देतात, वजन वाढावे म्हणून. तोच डबा ‘शुगरवाल्यांसाठी’ म्हणून ९० किलोच्या माणसाच्या हातात पडतो.

वापरायचीच असेल तर अशी: एक जेवण पूर्ण काढून त्या जागी एक पेला, पाण्यात, सोबत काकडी-टोमॅटो हवे तेवढे. डब्यावर जीवनसत्त्वे-खनिजे यांसह पूर्ण आहार असा उल्लेख हवा; जिममधली प्रोटीन पावडर या कामाची नाही. सगळीच जेवणे काढून ८०० कॅलरींवर जाणे हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांच्या नजरेखालीच, १२ आठवड्यांच्या आसपास. पहिल्या दहा दिवसांत डोके दुखते आणि बद्धकोष्ठता होते, कारण पाणी व तंतू दोन्ही कमी पडतात. दोन-अडीच लिटर पाणी आणि रोज एक-दोन चमचे इसबगोल, हा त्यावरचा साधा इलाज. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. उजव्या बरगडीखाली जोराची कळ आली तर ‘गॅस’ म्हणून बसू नये. आणि खरी कसोटी तेराव्या आठवड्यात: पावडर सोडून जेवणावर येताना एकेक जेवण दर दोन आठवड्यांनी परत आणावे. एकदम ताटावर बसणाऱ्याचे वजन दिवाळीपर्यंत मागच्या दाराने घरात आलेले असते.

खरेदी पुढे नेण्याआधी औषधांबद्दल थांबून. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण निम्मे केले आणि मात्रा तशीच ठेवली, तर साखर ७० च्या खाली उतरते: घाम, थरथर, चिडचिड, मग गुंगी. म्हणून आहार बदलण्याआधी मात्रा डॉक्टरांकडून कमी करून घ्यायची, नंतर नाही. तसे झालेच तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. अशा वेळी चॉकलेट-पेढा कामाचा नाही, त्यातली चरबी साखर रक्तात पोचायला उशीर करते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असताना कडक उपास किंवा अगदी कमी कर्बोदकांचा आहार धरला, तर साखर फार न वाढताही रक्तात कीटोन आम्ल साचू शकते. उलट्या आणि धाप लागली तर मीटरवरच्या १८० वर विसंबून घरी थांबू नये. वजन उतरू लागले की रक्तदाबाच्या गोळ्याही कमी कराव्या लागतात. उठताना चक्कर येणे ही त्याची खूण. मेटफॉर्मिन एकटी असेल तर यांतले बहुतेक प्रश्न येत नाहीत. डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्यावा, कारण जुनी साखर अचानक उतरली की पडद्यावरचा आधीचा बिघाड काही काळ वाढू शकतो. मूत्रपिंड बिघडलेले असेल, गरोदरपण असेल, किंवा साखर ३०० असताना प्रयत्नाशिवायच वजन घटत असेल, तर हे परीक्षण तुमच्यासाठी नाही. शेवटच्या प्रकारात मधुमेहाचा प्रकारच वेगळा असू शकतो.

औषधांच्या दुकानातल्या काउंटरवरचा ग्लुकोमीटर घ्यावा. यंत्र स्वस्त, पट्ट्या महाग, म्हणून यंत्राची किंमत न पाहता ५० पट्ट्यांच्या डबीची पाहा, आणि ती डबी तुमच्या गल्लीतल्या दुकानात नेहमी असते का ते विचारा. अचूकतेचे मानक आयएसओ १५१९७:२०१३ आहे. त्यानुसार १०० च्या वर ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असावेत. म्हणजे मीटरवरचे १४० आणि १५५ हे वेगळे आकडे नाहीत. लागोपाठ दोन थेंब घेऊन दोन वेगळे आकडे आल्यावर यंत्र परत करायला निघालेले लोक पुष्कळ भेटतात; यंत्र बहुधा बरोबर असते.

खऱ्या चुका हाताच्या असतात. आंबा किंवा संत्रे सोलून, बोट न धुता टोचले तर १३० चे २५० दिसतात. सॅनिटायझर लावून न वाळवता टोचले तर थेंब पसरतो आणि आकडा बिघडतो. साबणाने कोमट पाण्यात धुणे, पूर्ण पुसणे, बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचणे, पिळायचे नाही. थेंब येत नसेल तर हात मिनिटभर खाली सोडा. पट्ट्यांची डबी पट्टी काढताच बंद. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या डबीतल्या पट्ट्या दमटपणाने लवकर बिघडतात. फ्रिजमध्येही ठेवायची नाही. डबी उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. उघडल्यावर किती महिने चालते ते डबीवरच छापलेले असते. पंडुरोग असेल तर मीटर खरा आकडा फुगवून दाखवू शकतो, आणि लोहाची कमतरता एचबीएवनसीलाही वर ढकलते. हिमोग्लोबिन एकदा पाहून घेतलेले बरे.

पण मीटर वापरायचा कशाला? रोज सकाळी उपाशीपोटी एक आकडा लिहून काढणे ही पट्ट्यांची उधळपट्टी आहे. जोडीने तपासा: जेवणाआधी एक, आणि पहिल्या घासापासून मोजून दोन तासांनी दुसरा. फरक ४०-५० पर्यंत असेल तर ते ताट तुम्हाला झेपते. फरक ८०-९० असेल तर तेच जेवण दुसऱ्या दिवशी एक पोळी कमी करून आणि उसळ वाढवून पुन्हा तपासा. आठवड्यात अशा दोन जोड्या, म्हणजे चार पट्ट्या, पुरतात. महिनाभरात तुमच्या घरातल्या आठ नेहमीच्या जेवणांचा तक्ता तयार होतो, आणि तो कुठल्याही छापील डाएट चार्टपेक्षा जास्त खरा असतो. साबुदाण्याची खिचडी एकदा नक्की तपासा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, आणि चतुर्थीच्या ‘उपासाला’ दोन तासांनी येणारा आकडा पाहून बरेच जण वरीकडे वळतात. वरीही धान्यच आहे, तीही मोजूनच.

दंडावर लावायचा १४ दिवसांचा सेन्सर सुंदर आलेख काढतो. एकदा लावावा, शिकण्यासाठी. दर पंधरवड्याला लावणे खिशाला आणि मनाला दोन्हीला जड. त्या कुशीवर झोपल्यावर पहाटे खोटी ‘लो’ दाखवतो, आणि बोटातल्या रक्तापेक्षा पाच-दहा मिनिटे मागे असतो, एवढे माहीत असू द्या.

या सगळ्या फळीत सर्वांत उपयोगी वस्तू सहसा फळीवर नसतेच. ती भांड्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते: स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅमच्या अचूकतेचा, भांड्याचे वजन वजा करणारे ‘टेअर’ बटण असलेला. पाचशे रुपयांच्या आत-बाहेर. वाटीच्या आकाराचा सोबत येणारा बाउल नको, सपाट काचेचा घ्या. परात बसते आणि पुसायला सोपा. खात्री करायची तर दहा रुपयांची दहा नाणी ठेवा, ७७ ग्रॅमच्या जवळ दाखवायला हवेत. सेल उतरला की आकडा नाचायला लागतो. सुटे सेल घरात ठेवा.

वापर असा. १५० ग्रॅम पीठ घ्या, नेहमीसारखी कणीक भिजवा आणि भिजलेली कणीक तोला, समजा २४० ग्रॅम भरली. पाच गोळे ४८ ग्रॅमचे करा. प्रत्येकात ३० ग्रॅम पीठ. चार दिवस तोललेत की हाताला अंदाज बसतो. महिन्याने पुन्हा एकदा तोला, कारण गोळा गुपचूप मोठा होत असतो. भात कच्चा तोलावा. शिजल्यावर पाण्यावर अवलंबून तो अडीच ते तीनपट होतो आणि हिशेब चुकतो. चाळीस ग्रॅम कच्चा तांदूळ म्हणजे ३१ ग्रॅम कर्बोदके, त्या जेवणात पोळी एकच. पोहेही कोरडेच तोलावेत, ४० ग्रॅम, आणि त्यात शेंगदाण्यांऐवजी वाफवलेले मटार किंवा मोड आलेले मूग.

तेल तोलायचे नाही, महिन्याला बघायचे. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. माणशी महिन्याला एक लिटर संपत असेल, तर रोज ३० ग्रॅम, २७० कॅलरी. किटलीऐवजी चमचा वापरून ते अर्ध्या लिटरवर आणले की कुणालाही उपाशी न ठेवता रोज १३५ कॅलरी गळतात. मराठी स्वयंपाकात यापेक्षाही अवघड गळती दाण्याच्या कुटाची आहे. काकडीची कोशिंबीर ३० कॅलरींची, वर दोन मोठे चमचे कूट घातले की १३०. कूट वाईट नाही. तो मसाला नसून शेंगदाणा आहे, हे लक्षात ठेवून तोलावा.

साधारण ७०-७५ किलोच्या, बैठे काम करणाऱ्या माणसाचे वजन उतरायला १२०० ते १३०० कॅलरींचा दिवस असा बसतो: सकाळी ४० ग्रॅम मूगडाळीचे धिरडे किंवा दोन अंडी. दुपारी ५० ग्रॅमची एक भाकरी, ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, २०० ग्रॅम पालेभाजी एका चमच्या तेलात, १०० ग्रॅम दही, वाटीभर कोशिंबीर. संध्याकाळी फुटाणे आणि बिनसाखरेचा चहा. रात्री २० ग्रॅमचे दोन फुलके, १०० ग्रॅम मासा किंवा ७० ग्रॅम पनीर, आणि पुन्हा भरपूर भाजी. आधी कोशिंबीर-उसळ, मग भाकरी, हा क्रमही जेवणानंतरचा चढ कमी करतो. आठवड्याला अर्धा ते पाऊण किलो उतरावे. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात, त्यात बरेचसे पाणी. दुसऱ्या आठवड्यात काटा थांबला म्हणून हताश होऊ नये. वजन आठवड्यातून दोनदा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, कडक फरशीवर. सोबत शिंप्याची टेप: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा. काटा अडला असतानाही टेप कधी कधी उतरत असते.

आणि आंबा. एप्रिल-मेमध्ये प्रश्न तोच असतो, म्हणून काट्यावरच उत्तर: १०० ग्रॅम फोडींत साधारण १५ ग्रॅम कर्बोदके, पाऊण पोळीइतकी. फोडी तोलून घ्या, त्या जेवणातली एक पोळी काढा, दोन तासांनी बोट धुऊन तपासा. आमरसाची वाटी १५० ग्रॅमची असते आणि ती पुरीसोबत एकदाच थांबत नाही, म्हणून रसापेक्षा फोडी बऱ्या.